नागोरावांनी थकवलेलं पुस्तक

आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा होता. गेल्या वर्षी मी तो काढून टाकला. का काढला असं कुणी विचारलं की ‘खडूच्या भुकटीने मला खोकला होतो’ असं सांगते. ते खोटं आहे. माझी फुप्फुसं उत्तम आहेत. फळा काढला तो नागोराव इंगोल्यांमुळे, म्हणजे खरं तर माझ्यामुळे. नागोरावांविषयी लिहायचं तर आधी स्वतःविषयी चार वाक्यं लिहावी लागतील, ती उरकून घेते.

माझं वय एकोणऐंशी. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाले. त्यात अपसामान्य मानसशास्त्राचा, म्हणजे मनोविकारांचा, एक पेपर असायचा. त्यात मी कॉलेजात पहिली आले होते. पुढची पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. तिथे अपसामान्य माणसं भरपूर होती, पण पेपर घ्यायला कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर कर्वेनगरात आमच्या चार सोसायट्यांनी मिळून वाचनालय काढलं, ते मी एकवीस वर्षं चालवते आहे. मानसशास्त्राचं कपाट माझ्या खास मर्जीतलं. पण त्यातली पुस्तकं लोक हातात घ्यायला कचरत. नैराश्यावरचं पुस्तक पिशवीतून डोकावलं तर लिफ्टमधला माणूस काय म्हणेल? म्हणून मी त्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली आणि वर फक्त नंबर टाकला. व्यसन, भीती, भास, सगळं एका रंगाचं. ‘इथे कोण काय वाचतं ते मी आणि रजिस्टर, तिसऱ्याला कळत नाही,’ हे मी प्रत्येक सभासदाला ठणकावून सांगत असे.

नागोरावांनाही सांगितलं होतं.

त्यांचं इस्त्रीचं टेबल वाचनालयाच्या समोरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली. वाशिमकडचा माणूस, एक्याण्णव साली पुण्यात आला, सहा वर्षं कुणाच्या तरी लाँड्रीत राबला आणि मग स्वतःचं टेबल टाकलं. उंच, किंचित पोक आलेले, बोलताना मान खाली. मला आधी वाटायचं माणूस लाजाळू आहे. तसं काही नाही. हातात तापलेली इस्त्री असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सोय नसते, तीच सवय पुढे इस्त्री नसतानाही राहिली. आमच्या तीन इमारतींचे कपडे त्यांच्याकडे. एकुलती मुलगी विश्रांतवाडीला दिलेली.

टेबलाच्या डाव्या अंगाला स्टुलावर त्यांची बायको, यमुनाबाई. तिने इस्त्रीला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. तिचं काम घड्या घालायचं आणि कुणाचं काय ते लक्षात ठेवायचं. कपड्यांवर खूण नाही, चिठ्ठी नाही, वही नाही, सगळं डोक्यात. माझ्या वरच्या मजल्यावरची निकिता, कुठल्याशा कंपनीत नोकरीला आहे, एकदा घाईघाईने एक निळा कुर्ता ओढायला लागली.

‘‘काकू, हा माझा. मला मीटिंग आहे.’’

‘‘तुमचा नाई तो,’’ यमुनाबाई म्हणाली. ‘‘बी विंगमधल्या पोरीचा. तुमच्या कुर्त्याची दुसरी गुंडी बदललेली हाये. मॅचिंग नाई भेटली तुमाले.’’

निकिताने कुर्ता वर करून पाहिला. गुंड्या सगळ्या एकसारख्या. तिचा होता तो खाली, चौथ्या नंबरवर.

आता माझा पहिला गुन्हा. मी यमुनाबाईला वाचत असे. तिचा चेहरा बोलताना फारसा हलत नाही. बोटांना बारीक कंप. दर पाच मिनिटांनी बाटली तोंडाला लावते. जवळचं वाचताना कागद हातभर लांब धरते. महिन्यातल्या एका सोमवारी टेबलाशी नसते, सरकारी दवाखान्यात जाते, एकटी, बस बदलून. मी हे सगळं गोळा केलं, आणि कॉलेजात पहिल्या आलेल्या मुलीने मनातल्या मनात उत्तर लिहून टाकलं: स्किझोफ्रेनिया, औषधांवर, नियंत्रणात. कुणाला बोलले नाही हे खरं. पण मला त्याचा अभिमान होता. बाईशी रोज दोन शब्द बोलायचे ते तिच्यासाठी की माझ्या निदानासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

फळा उतरवला त्याच्या आधीच्या श्रावणात एका दुपारी नागोराव वाचनालयात आले. चपला बाहेर काढून. मी सांगितलं, देऊळ नाही हे, घाला. घातल्या नाहीत.

‘‘बाई, ते डोक्याच्या बिमारीचं काही असतं का? मराठीत?’’

‘‘डोक्याच्या म्हणजे? डोकेदुखी की मनाची?’’

‘‘मनाची म्हणा.’’

‘‘मनाच्या शंभर आहेत. कुठली?’’

त्यांनी खिशातून दवाखान्याच्या कागदाचा कोपरा काढला. फक्त कोपरा, नाव दिसू नये अशी घडी घातलेला. त्यावरचा इंग्रजी शब्द अंगठ्याने दाखवला.

‘‘गावाकडं भाचा हाय एक,’’ ते म्हणाले.

भाचा! मला हसू आलं आणि ते मी दाबलं, एवढाच काय तो माझा सुसंस्कृतपणा. कपाटातून तीनशे चौदा नंबरचं पुस्तक काढून दिलं. नाव ‘घरात स्किझोफ्रेनिया असताना’. चांगलं पुस्तक, सोपं. त्यांना सभासद करून घेतलं, रजिस्टरवर सही घेतली आणि माझं ते वाक्य ऐकवलं: मी आणि रजिस्टर, तिसऱ्याला कळत नाही.

‘‘नक्की ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अहो, एकवीस वर्षांत एकदा तरी बोभाटा झालाय का?’’

पंधरा दिवसांची मुदत, दोनदा वाढवून मिळते. दोन्ही वेळा येऊन त्यांनी वाढवून घेतली. तिसऱ्यांदा आले तेव्हा दिवाळी अंकांची गर्दी होती. दारापर्यंत रांग, मी कुणाच्या तरी अंगावर ओरडत होते. रांगेमागून नागोरावांनी हात वर केलेला मला दिसला होता. मी ‘नंतर, नंतर’ अशी खूण केली. ते गेले.

आता फळा. ही कल्पना माझीच. थकलेल्या पुस्तकांची यादी दर महिन्याला दारातल्या फळ्यावर लागत असे: सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, किती दिवस. पुस्तकाचं नाव कशाला? तर त्याच पुस्तकासाठी ताटकळलेल्या लोकांनी थकवणाऱ्याला जिन्यात गाठावं म्हणून. आणि प्रत्येक नावाखाली माझा एक शेरा. लोक फिरायला जाताना थांबून वाचत. एका निवृत्त मेजरांनी प्रवासवर्णन चार महिने ठेवलं तेव्हा मी लिहिलं होतं, ‘मेजरसाहेब परत आले, पुस्तक अजून प्रवासात.’ मेजर स्वतः हसले आणि पुस्तक आणून दिलं. पुण्यात माणसाला अपमान गोड लागतो, फक्त तो नीट रचलेला हवा. निदान माझा तसा समज होता.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी मी रजिस्टर उघडलं आणि फळा लिहायला घेतला. सहा नावं. तिसरी ओळ अशी: ‘श्री. नागोराव इंगोले. घरात स्किझोफ्रेनिया असताना. ३८ दिवस.’ खाली शेरा: ‘विस्मरणावरचा उपाय कोणत्या पानावर आहे?’

तुम्ही म्हणाल, खाकी कव्हर घालणारी बाई ही, हिच्या लक्षात कसं आलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. लक्षात आलं नाही असंही म्हणता येत नाही. लिहिताना खडू क्षणभर थांबला होता. मग शेरा सुचला. शेरा चांगला होता. हात पुढे गेला.

वाचनालयाचा चिटणीस आमोद हा आयटीतला, मुलगा गुणी आहे. तो ऑफिसला जाताना थांबला, वाचला, खदखदून हसला, फोटो काढला आणि चारही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. ‘श्यामलाताई ऑन फायर!’ दुपारपर्यंत चाळीस लोकांनी हसरे चेहरे पाठवले. मी ते मोजले. घरी जाऊन चहा केला, बरोबर दोन खारी खाल्ल्या. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

साडेचारला नागोराव आले. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. कव्हर स्वच्छ, कोपरे सरळ. मला वाटतं त्यांनी त्यावरून कोमट इस्त्री फिरवली असावी.

‘‘बाई, आणलं. आता फळ्यावरचं पुसता का?’’

‘‘पुसणारच. पुस्तक आलं की नाव जातं, नियम आहे.’’

मी डस्टर घेऊन उठले आणि मग ते माझ्याकडे बघताहेत हे जाणवलं. मान वर करून, थेट. पहिल्यांदाच.

‘‘तुम्ही म्हणला होता, तिसऱ्याला कळत नाही.’’

मी काहीतरी बोलले. नियम सगळ्यांना सारखा, पुस्तकावरून कुणी काही समजत नाही, असलं काहीतरी. बोलताना माझा आवाज मलाच ऑफिसातल्या साहेबासारखा वाटला. त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘आज सोमवार हाय म्हणून बरं,’’ ते म्हणाले. ‘‘ती दवाखान्यात गेलीय. पाच वाजेपर्यंत येईल. नीट पुसा.’’

मी ओल्या फडक्याने पुसलं. पण फोटो कुठे पुसणार? आमोदला फोन केला, तो म्हणाला, ‘‘मी डिलीट करतो, पण ताई, लोकांनी फॉरवर्ड केलाय. इट्स जस्ट अ जोक, चिल!’’

तीन दिवसांनी लिफ्टमध्ये निकिता. आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘आजी, इस्त्रीवाल्या काकांचं ऐकलंत? स्किझोफ्रेनिया आहे त्यांना! आणि दिवसभर हातात गरम इस्त्री. कधी अटॅक आला तर?’’

‘‘कुणी सांगितलं तुला?’’

‘‘म्हणजे काय? तुम्हीच लिहिलंत ना फळ्यावर!’’

माझ्या डोक्यात हा फाटा आलाच नव्हता. नाव नागोरावांचं, पुस्तक नागोरावांचं, म्हणजे आजार नागोरावांचा. लोकांनी सरळ बेरीज केली. मी म्हटलं, ‘‘पुस्तक नेलं म्हणजे आजार असतो का? तू पाककृतींची पुस्तकं नेतेस, तुला कुठे स्वयंपाक येतो?’’

ती हसली, पण त्या संध्याकाळी तिने कपड्यांचा गठ्ठा दुसरीकडे दिला. मोबाईलवरून बोलावला की मुलगा येऊन घेऊन जातो म्हणे.

यापलीकडे मी काय सांगणार होते? ‘त्यांना नाही’ म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुणाला? त्या घरात माणसं दोन. आणि खरं सांगायचं तर लिफ्टमधून बाहेर पडताना मला हायसं वाटलं होतं. यमुनाबाईवर कुणाचा संशय नाही, म्हणजे माझ्या हातून तितकंसं वाईट झालं नाही! एका निरपराध माणसाला वेडा ठरवून मला हायसं वाटलं.

गठ्ठे कमी होत गेले. पूर्वी जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या गाठोड्यांनी भरलेल्या असत. डिसेंबरात दोन, मग एक. बायका मुलांना खाली पाठवेनाशा झाल्या. काही जण कपडे देत, पण टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकत. नागोराव तसेच मान खाली घालून इस्त्री फिरवत. मी एकदा जाऊन उभी राहिले. यमुनाबाई नळावर गेली होती.

‘‘नागोराव, लोकांना भलतंच काहीतरी वाटतंय.’’

‘‘माहीत हाय.’’

‘‘मग तुम्ही बोलत का नाही?’’

‘‘काय बोलू?’’ त्यांनी शर्टाची बाही उलटली, पाणी शिंपडलं. ‘‘माझ्यावर आलं, बरंच झालं की. तिच्यावर नाही आलं. बाई, हे स्टूल हाय ना, हे तिनं कसं मिळवलं ते तुम्हाला नाही माहीत. माणसात बसते ती. लोक तिले विचारतात, काकू माझा शर्ट कुठाय. तेवढ्यावर ती उभी हाय. हे कळलं तर कोण विचारील? वाटू द्या लोकांना. मी टिकतो.’’

नेहमी ‘तिला’ म्हणणारा माणूस गावाकडचं ‘तिले’ म्हणाला, तेव्हा मला कळलं की कुठे बोट लागलंय.

दुसऱ्या दिवशी मी तीनशे चौदा नंबर पिशवीत घालून त्यांच्या खोलीवर गेले, कॅनॉल रोडच्या आतल्या गल्लीत. दुपारी दोन ते तीन ते जेवायला घरी असतात आणि टेबल यमुनाबाई सांभाळते, हे मला माहीत होतं. म्हटलं, हे ठेवा, हवं तितके दिवस. त्यांनी पुस्तक घेतलं नाही.

‘‘आता नको. जेवढं व्हायचं तेवढं झालं,’’ म्हणाले आणि कपाटावरून एक दोनशे पानी वही काढली.

त्यांनी पुस्तक हाताने उतरवून काढलं होतं. वहीच्या उजव्या पानावर मोठमोठी अक्षरं, एका पानावर जेमतेम आठ ओळी. गोळ्यांनी यमुनाबाईला जवळचं पुसट दिसतं, छापील अक्षर लागत नाही, म्हणून.

‘‘अहो, झेरॉक्स मोठी करून मिळते!’’ मी म्हटलं. माझा स्वभाव जात नाही.

‘‘झेरॉक्सवाल्याकडं आपल्याच बिल्डिंगची पोरं रांगेत असतात, बाई. पान काचेवर उघडून ठेवावं लागतं.’’

जो माणूस एक पान काचेवर ठेवायला धजला नाही, त्याचं नाव मी रस्त्यावर टांगलं होतं.

आणि डावी पानं? ती कोरी नव्हती. उजवीकडे पुस्तक काय म्हणतं ते, आणि डावीकडे ते वाचून यमुनाबाई काय म्हणाली ते. नागोराव तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेत. पुस्तकात होतं, ‘रुग्णाच्या भावना बोथट होतात.’ डावीकडे: ‘बोथट नाई होत. तोंडावर येत नाई. आत लई असते.’ पुस्तकात होतं, ‘रुग्णाच्या भ्रमाशी वाद घालू नये.’ डावीकडे: ‘वाद नका घालू पन मान बी नका हलवू. तुमी मान हलवली की मले वाटते खरंच हाये.’ एका ठिकाणी पुस्तकाने भास म्हणजे काय ते दोन पानं समजावलं होतं, त्यासमोर एवढंच: ‘हे लिहिनाऱ्याले कधी आवाज आला नाई.’

कॉलेजातल्या त्या पेपरात मी सतरा पुरवण्या लिहिल्या होत्या. त्यात या तोडीचं एक वाक्य नव्हतं.

‘‘सुरुवातीला दोन वर्षं मी तिले अंगारेच लावले,’’ नागोराव वहीवर हात ठेवून म्हणाले. ‘‘गावी देवऋष्याकडं नेली, त्यानं बांधून ठेवा म्हटलं तर बांधली. मीच. पुढं डॉक्टर भेटला, गोळ्या लागू पडल्या. पण डॉक्टर तीन मिनिटं बोलतो. तिले आत काय होतं ते कधी विचारायचं राहूनच गेलं. सत्तावीस वर्षं झाली. म्हटलं पुस्तकाच्या निमित्तानं विचारावं. रोज एक पान, त्याच्यावर उशीर होतो, बाई. विसरलो नव्हतो.’’

विसरलो नव्हतो. माझा शेरा त्यांनी पाठ केला होता, हे त्या दोन शब्दांत कळलं. मी पाणीसुद्धा न पिता उठले.

तेव्हाच जाऊन यमुनाबाईला सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नागोरावांनी लपवलंय, आपण कशाला, असं म्हणून मी माझ्या भित्रेपणाला त्यांची मर्जी असं नाव दिलं.

पण जिच्या डोक्यात तीन इमारतींचे कपडे आहेत तिला फसवणार किती दिवस? कुठल्या घरचं काय येईनासं झालं हे तिला आमच्याआधी कळलं होतं. नवऱ्याला विचारी, तर तो म्हणे, थंडी आहे, लोक स्वेटर घालतात, इस्त्री कोण बघतं.

जानेवारीतली संध्याकाळ, सहाचा सुमार. मी साड्या घेऊन उभी होते. आणखी दोघीतिघी बायका होत्या, कपडे न्यायला आलेल्या. आमोद शर्ट न्यायला आला. पोरगं मनाने चांगलं, हेच तर संकट. नागोरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘काका, गोळ्या वेळेवर घेताय ना? लाजायचं काही नाही हं त्यात. वी आर विथ यू.’’

यमुनाबाईचे हात घडीवर थांबले.

‘‘काहून?’’ ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. ‘‘यायले कशाची गोळी?’’

‘‘नाही, म्हणजे, ते फळ्यावर...’’ आमोदने माझ्याकडे पाहिलं.

‘‘कोनता फळा?’’

नागोराव म्हणाले, ‘‘यमुने, तू चहा ठेव जा.’’ ती हलली नाही. तिने आमोदपुढे हात केला. त्याने फोटो उघडून मोबाईल दिला. बिचाऱ्याला काय करावं ते सुचलंच नसावं. तिने तो हातभर लांब धरला आणि वाचलं. माझं अक्षर मोठं आणि वळणदार आहे. टेलिफोन खात्यात बोर्ड मीच लिहीत असे.

मोबाईल परत देऊन ती स्टुलावरून उठली.

‘‘ही बिमारी माई हाये,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण पार्किंगमध्ये घुमला. ‘‘यायची नाई. गोळ्या मी खाते, सत्तावीस वर्षं झाले. माया हात थरथरते म्हनून मी इस्त्रीले शिवत नाई. यायचा हात पाहा. कोनाची कॉलर जळली काय कधी? बोला ना.’’

कुणाची कधीच जळली नव्हती.

‘‘मग? ज्याले कपडे न्यायचे त्यानं न्या. पन यायले येडं म्हनू नका.’’

तिचे ओठ कोरडे पडले होते. नागोराव पुढे झाले, तिच्या हातात बाटली दिली. इस्त्री टेबलावर उभी करून ठेवायला ते या गोंधळातही विसरले नाहीत. मी म्हणाले, ‘‘यमुनाबाई, फळ्यावर ते मी लिहिलं.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा हलत नाही तिचा, ते खरं आहे. आत काय असतं ते मी नुकतंच वाचलं होतं.

‘‘तुमी?’’ ती म्हणाली. ‘‘तुमी तर रोज बोलता मायाशी.’’

त्यानंतर ग्रुपवर काय झालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. कौतुक! ‘सॅल्यूट काकू’, ‘केवढं हे धैर्य’. आमोदने ठरवलं, मानसिक आरोग्यावर कार्यक्रम घ्यायचा, यमुनाबाईंना मंचावर बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं. माझ्याकडे प्रास्ताविक. मी त्याला म्हटलं, ‘‘एकदा फळ्यावर टांगली, आता हार घालून टांगायची का?’’ तो दुखावला. असू दे.

धैर्य वगैरे म्हणू नका, मला ते ऐकवत नाही. एका बाईला जे कुणालाही सांगायचं नव्हतं ते तिला भर पार्किंगमध्ये उभं राहून सांगावं लागलं, कारण नाही सांगितलं तर नवरा वेडा ठरत होता. हा पेच मी घातला. आणि त्याची किंमत कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी पाहिली नाही. त्या संध्याकाळनंतर तिची झोप उडाली. अकरा दिवस. शांत झालेले आवाज परत यायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तसा हातांचा कंप वाढला. घडी जमेना. दीड महिना स्टूल रिकामं होतं. कपडे मात्र बरेचसे परत आले. नागोराव एकटेच इस्त्री करत, घड्या घालत, आणि लोकांचे कपडे एकमेकांच्या घरी जात. निकिताचा कुर्ता बी विंगमध्ये गेला तेव्हा ती मला म्हणाली, ‘‘काकू कधी येणार हो? त्यांच्याशिवाय काही खरं नाही.’’ काही घरं मात्र परत आली नाहीत. ती कोणती हे मला ठाऊक आहे, त्यांना मी पुस्तकं देते आणि बोलत नाही.

फळा मी जानेवारीतच भिंतीवरून उतरवला. वाचनालय सोडते म्हणून समितीला पत्र दिलं, त्यांनी ते फाडलं. मला शिक्षा द्यायला कुणी तयार नाही, हा या वयाचा एक वाईट फायदा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यमुनाबाई खाली आली. थोडी सुजलेली, हळू. मी दोन दिवस खिडकीतून पाहत राहिले, तिसऱ्या दिवशी साड्या घेऊन गेले. नागोराव इस्त्रीत गढलेले.

‘‘यमुनाबाई, माझं चुकलं,’’ मी म्हटलं.

‘‘हो. चुकलं,’’ ती म्हणाली. हात चालू होते. उशीचा अभ्रा चारदा दुमडला, खाली ठेवला, दुसरा घेतला.

मला वाटलं होतं पुढे काहीतरी येईल. जाऊ द्या हो, झालं गेलं, असं काहीतरी; आपल्याकडे माफी मागितली की समोरच्याने लगेच संकोचायची रीत आहे. ती संकोचली नाही.

‘‘मी काय करू, सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘काई नका करू,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी लई करता.’’

नागोरावांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मला राग आला नाही; तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं निदान केलं होतं आणि ते अचूक होतं.

‘‘साड्या ठेवा तिथं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या या.’’

दुसऱ्या दिवशी गेले. टेबलावर सगळ्यांचे कपडे लागलेले होते, यमुनाबाईच्या हातच्या घड्या, कडेला कड, पट्टीने आखल्यासारख्या. माझ्या साड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. इस्त्री चोख. घडी मात्र नागोरावांनी घातलेली, पदर एका बाजूला बोटभर सुटलेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

मी साड्या पिशवीत घातल्या आणि घरी आले. अजून तशाच येतात.